मदत हवी आहे : इंजिनचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला आणि कामगारांना बदलासाठी सरकारी आधार कोठे मिळेल?

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझे छोटे वर्कशॉप आहे. वडिलांनी दोन लेथवर ते सुरू केले आणि आज तेथे १९ माणसे काम करतात. आम्ही पेट्रोल व डिझेल इंजिनांचे व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यातून वर-खाली सरकते त्या छोट्या नळ्या, बनवतो. विजेवर चालणाऱ्या गाडीत व्हॉल्व्हच नसतो, त्यामुळे माप किंवा धातू बदलून निभावून नेता येईल असा हा प्रश्न नाही. गेल्या दोन वर्षांत मोठ्या ग्राहकाचे महिन्याचे शेड्यूल निम्म्यावर आले असून दुसरी पाळी आम्हाला बंद करावी लागली आहे.

आमचे सर्वांत जुने टर्नर, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ५३ वर्षांचे आहेत. रीमिंग (रीमर या हत्याराने भोक अचूक मापाचे करणे) झालेल्या ट्रेमधला एक नग उचलून ते त्यात प्लग गेज, म्हणजे भोकाचे माप तपासायची दांडी, घालतात आणि गेज हाताला किती अडतो यावरून रीमर बदलायची वेळ झाली का ते सांगतात; त्यांचा अंदाज चुकलेला मी क्वचितच पाहिला आहे. हा हात मोटरच्या शाफ्टच्या कामातही उपयोगी पडेल, पण त्यासाठी ग्राइंडिंग आणि बॅलन्सिंगची यंत्रे हवीत, शिवाय शिकायला पाच-सहा महिने हवेत. त्या महिन्यांचा पगार कोठून द्यायचा, हा माझा मूळ प्रश्न आहे.

मी काही योजना पाहिल्या आहेत. वाहन उद्योगासाठीची २५,९३८ कोटी रुपयांची उत्पादन प्रोत्साहन योजना सुटे भाग बनवणाऱ्यांसाठीही आहे, परंतु तिच्यासाठी उद्योगसमूहाची उलाढाल किमान ५०० कोटींची लागते. आमची चार कोटींचीही नाही. पत हमी योजनेत आता १० कोटींपर्यंतच्या विनातारण कर्जाला हमी मिळते, त्यामुळे यंत्र येऊ शकेल, मात्र हातात ऑर्डर नसताना हप्ता अंगावर घेण्याचे धाडस होत नाही. कामगार कपात केल्यास नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार मालकाने प्रत्येकामागे १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आहे, म्हणजे जेमतेम अर्ध्या महिन्याचा. नोकरी गेल्यावर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून मिळणारा ९० दिवसांचा निम्मा पगार कर्मचारी राज्य विम्यातील (ईएसआय) कामगारांनाच मिळतो आणि नानांचा पगार त्या विम्याच्या २१,००० रुपयांच्या मर्यादेपलीकडे आहे.

स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथचा तेलशुद्धीकरण कारखाना एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला आणि चारशेहून अधिक नोकऱ्या गेल्या. तेथे नव्या उद्योगांसाठी ब्रिटिश सरकारने २० कोटी पौंड जाहीर केले, पण तेही बंदचा निर्णय पक्का झाल्यानंतर काही महिन्यांनी. तो एक मोठा कारखाना होता, म्हणून निदान सरकारचे लक्ष गेले. आमच्यासारखी वर्कशॉपे एकेक करून बंद होतात आणि त्याची बातमीसुद्धा होत नाही. म्हणूनच आधार हवा असेल तर तो कपात होण्यापूर्वी आणि संपूर्ण औद्योगिक वसाहतीला मिळायला हवा, असे मला मनापासून वाटते.

जाणकारांना माझी विनंती आहे. कामगार नोकरीवर असतानाच त्यांच्या प्रशिक्षणकाळातील पगाराचा काही भाग उचलणारी केंद्राची किंवा राज्याची योजना कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का? आमच्या गल्लीतील नऊ वर्कशॉपे एकत्र येण्यास तयार आहेत. समूह विकास कार्यक्रमातून ग्राइंडिंग-बॅलन्सिंगचे सामाईक सुविधा केंद्र उभारायचे असल्यास जिल्हा उद्योग केंद्रात सुरुवात कोठून करावी, आणि आपल्या वाट्याचे भांडवल इतरांनी कसे उभे केले? ज्यांनी इंजिनच्या भागांवरून मोटरच्या भागांवर काम नेले आहे, त्यांनी पहिली ऑर्डर कशी मिळवली तेही कृपया लिहावे.

उद्यम नोंदणी, तीन वर्षांचे ताळेबंद आणि पगारपत्रके माझ्याकडे तयार आहेत. चार जणांना नोटीस द्यायची की नाही, हे मला दिवाळीपूर्वी ठरवायचे आहे आणि त्या चौघांत नाना आहेत.