चार रंगांचा स्पायडर सुटतच नाही, कुठं चुकतंय?

शुक्रवारपेठ_काकू:
नमस्कार मंडळी. आषाढात जिन्यावरून घसरलो आणि घोटा गेला. सहा आठवडे प्लास्टर. (आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘घसरलो’च म्हणतात, पुणेकरांनी व्याकरण काढू नये.) खाटेवर पडून करायचं काय? सकाळ-संध्याकाळ पंचगंगेच्या पुराची म्हणून राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारायची, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे तर घरातल्या बारक्यालासुद्धा पाठ झालंय. शेवटी भाच्यानं जुन्या लॅपटॉपवर स्पायडर लावून दिला, म्हणजे एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा खेळ: रांगांतली पानं हलवत एकाच रंगाचे राजा ते एक्का असे संच जुळवून काढायचे.

एका रंगाचा दोन दिवसांत वाटेला लावला. इस्पिक-बदाम असे दोन रंग घेतले तरी जमतं. चारी रंग घेतले की मात्र बोंब. वहीत मांडून ठेवलंय: ४१ डाव, ४१ हार. दरवेळी शेवटचं वाटप (शिल्लक गड्डीतली पानं सगळ्या रांगांवर एकेक पडतात ते) होतं आणि सगळं ठप्प. रांग रिकामी झाली की मी लगेच तिथं राजा ठेवतो, ते बरोबर का? आणि अनडू (केलेली चाल मागं घ्यायचं बटण) वापरला तर ती लबाडी धरायची का? आमच्या घरात बदाम सात नि झब्बू सोडून कुणाला पत्त्यातलं काही कळत नाही, म्हणून इथं विचारलं.

बिंदूचौक_भावा:
काकू, ह्याचा नाद सोडा आणि फ्रीसेल घ्या की. ५२ पानं, सगळी उघडी, बाजूला चार मोकळे कप्पे. झाकपाक काय न्हाय. जुन्या विंडोजवर ३२,००० डाव होते, नंबर टाकला की तोच डाव समोर. त्यात ११९८२ नंबरचा तेवढा सुटत न्हाय, बाकीचे सुटत्यात. म्हंजे हरलं तर दोष आपला, पानांचा न्हाय. स्पायडरमध्ये नशिबाला शिव्या घालायची सोय हाय एवढंच.

रात्रपाळी:
ताई, फ्रीसेल चांगलाच आहे, पण तुम्ही विचारलंय ते सांगतो. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये सव्वीस हंगाम काढले, निम्मे रात्रपाळीत. तासाला रसाचा नमुना यायचा. ब्रिक्स, पोल (रसाच्या तपासणीचे आकडे) काढून रजिस्टरला चढवलं की पुढच्या नमुन्यापर्यंत मी आणि स्पायडर. तेव्हाचे साहेब आता निवृत्त झालेत, म्हणून उघड लिहितोय.

तुमचा डाव पहिल्या वाटपाच्या आधीच गेलेला असतो, कळतं तेवढं शेवटी. सुरुवातीला १०४ पैकी ५४ पानं मांडलेली असतात. डावीकडच्या चार रांगांत सहा-सहा, उरलेल्या सहा रांगांत पाच-पाच. म्हणजे उजवीकडं झाकलेली पानं चारच. रांग मोकळी करायची तर तिथं हात घाला. आमच्याकडं नवीन आलेली पोरं दहाही रांगांतलं एकेक पान उघडत बसायची. विहीर एकच खणावी, ती पाणी लागेपर्यंत.

दुसरं. कुठल्याही रंगाचं पान बसतंय म्हणून बसवू नका. इस्पिक नव्वीवर बदाम अठ्ठी टाकली की ती जोडी एकत्र हलत नाही, आणि मागची सगळी पानं अडकली. खेळ तुम्हाला अडवत नाही, गपचूप करू देतो. एकाच रंगाचं जुळत असेल तर ते आधी. बेरंगी करावंच लागलं तर वरच्या पानांपासून करा, राजावर राणी, राणीवर गुलाम. तिर्रीवर दुर्री टाकलीत तर पुढं फक्त एक्का बसणार आणि एक्क्यावर काहीच नाही. झाकलेलं पान उघडणार असेल तर हेही चालवून घ्यायचं, पण हिशेब मनात ठेवून.

आता राजाचं. राजा कुठल्याच पानावर बसत नाही. तो रिकाम्या रांगेत गेला की त्याचा राजा ते एक्का संच पूर्ण होईपर्यंत तिथला कायमचा भाडेकरू, नाहीतर दुसरी रिकामी रांग शोधा. म्हणून रांग रिकामी झाली की आधी ती वापरून घ्या. समजा एका रांगेच्या टोकाला इस्पिक नव्वी आणि तिच्यावर बदाम अठ्ठी. दुसरीकडं बदाम नव्वी आणि तिच्यावर इस्पिक अठ्ठी. बदाम अठ्ठी रिकाम्या रांगेत ठेवा, इस्पिक अठ्ठी इस्पिक नव्वीवर आणा, मग बदाम अठ्ठी तिच्या नव्वीवर न्या. दोन्ही जोड्या जुळल्या आणि रांग पुन्हा मोकळी. वाटी उसनी आणली, साखरेसकट परत केली. मी एका रिकाम्या रांगेवर अशा चार-पाच अदलाबदली करतो आणि मगच राजा बसवायचा का ते बघतो. त्याच्या मागं झाकलेली पानं असतील तर बसवतो. नसतील तर मुळीच नाही.

रांग रिकामी असताना वाटप होत नाही, त्यामुळं वाटपाआधी तिथं काहीतरी ठेवावं लागतं. तेव्हा बेरंगी ढिगाच्या टोकाचं पान उचला, जुळलेली माळ तोडू नका. आणि कंटाळा आला म्हणून वाटप करू नका. शिल्लक ५० पानं, दहा-दहाची पाचच वाटपं. प्रत्येक वाटपात सगळ्या रांगांवर एकेक नको असलेलं पान येऊन पडतं. पुरानंतर घर धुतो तसं पुन्हा पहिल्यापासून धुवायला लागायचं.

असे आठ संच काढायचे (कोळ्याचे आठ पाय, म्हणून स्पायडर). अनडूशिवाय माझे दहातले दोन-तीन सुटतात. ४१ हारीत लाजण्यासारखं काही नाही.

राजारामपुरी_आठवी_गल्ली:
अनडूबद्दल मी सांगते. झाकलेलं पान उघडून बघायचं आणि नको असलं तर मागं घ्यायचं, ही शुद्ध लबाडी. बोट घसरून पान भलतीकडं गेलं तर नाही. माझ्या यजमानांचं बोट दिवसातून वीसदा घसरतं ती गोष्ट वेगळी.

गुणांच्याही मागं लागू नका. जुन्या विंडोजच्या स्पायडरला ५०० पासून सुरुवात, प्रत्येक चालीला एक वजा, संच निघाला की १०० जमा. चाली वाचवायला गेलं की वरच्या सरांनी सांगितलेल्या अदलाबदली होत नाहीत.

शुक्रवारपेठ_काकू:
अहो सर, ती साखरेसकट वाटी डोक्यात बसली. चार दिवस तसंच खेळतोय. ४४ व्या डावाला पाच संच निघाले. मग शेवटच्या वाटपात दोन राजे नेमके जुळलेल्या माळांवर येऊन बसले, राहिलं तिथंच. रडायला आलं.

पण काल ४७ वा सुटला! पहाटे पावणेतीनला. मी एवढ्यानं ओरडलो की घरच्यांना वाटलं गल्लीत पाणी आलं. ह्यांनी धावत जाऊन गॅसची टाकी माळ्यावर चढवली, मग खोलीत येऊन बघतात तर मी हसतोय. सकाळचा चहा अजून मिळालेला नाही.

रात्रपाळी:
अभिनंदन! अनडू किती वेळा?

शुक्रवारपेठ_काकू:
नऊ. त्यातली सहा खरंच बोट घसरलं म्हणून. वहीत जीत म्हणून लिहू का?

रात्रपाळी:
लिहा. पेन्सिलीनं.