मदत हवी आहे: सोयऱ्यांतल्या हातउसन्याची चिठ्ठी कशी मागावी?

जूनमध्ये बियाण्या-खतासाठी सोयऱ्याधायऱ्यांत हातउसने दिले जातात. बोली एकच, "सोयाबीन मोंढ्यावर (बाजारात) गेलं की देतो." सप्टेंबरच्या पावसात शेंगा काळ्या पडल्या की वायदा हुकतो. मग फोन उचलणं बंद, लग्नातसुद्धा नजर चुकवणं. बहुतेकदा नियत वाईट नसते, लाज असते. पण उसने देणाऱ्याला घेणारा लबाड वाटतो आणि नातं तिथंच तुटतं.

म्हणून बोलीत सोयाबीन नको, तारीख हवी. सगळे जमले नाहीत तर निम्मे त्या तारखेला, निम्मे तूर विकल्यावर, हेही आधीच ठरलेलं बरं. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख न देता खात्यावरूनच द्यावी. पैसे वसुलीसाठी कोर्टात दावा करायची मुदत साधारण ३ वर्षं. ती संपायच्या आत सहीनिशी देणं कबूल केलं तर पुन्हा ३ वर्षं मिळतात.

हे चिठ्ठीवर लिहून घ्यावं, पण अडतं ते सही मागताना. "दाजी, एवढी सही करा" म्हटलं की बहिणीचं माहेरी येणं अवघड होतं. तुमच्याकडं कोणत्या शब्दांत मागतात? साक्षीदार घरातला घ्यावा की बाहेरचा? चिठ्ठीचा नमुना असेल तर कृपया टाका.