घरच्या रेकॉर्डिंगला डीनॉइज लावताय? आधी पंखा बंद करा

पांढरी_दोन

घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी हा धागा. ओळखीतली मुलं ट्रॅक ऐकायला पाठवतात. भावगीत, अभंग, क्वचित ख्याल. जवळजवळ प्रत्येकाच्या प्रोजेक्टमध्ये गाण्याच्या ट्रॅकवर पहिलाच प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची छोटी सोय) दिसतो तो डीनॉइज, म्हणजे मागची घरघर काढणारा, आणि तोही सढळ हाताने लावलेला. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या संगीतासाठी ही सवय वाईट आहे, आणि त्याचं मुख्य कारण तंबोरा.

डीनॉइज आवाजाचे बारीक तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यात कोणती फ्रिक्वेन्सी किती आहे ते बघतो आणि जे न बदलता सतत वाजतंय ते खाली दाबतो. स्टीव्हन बोल यांनी १९७९ साली ही वजाबाकी मांडली ती बोलण्यासाठी. आजचे प्लगइन खूप पुढे गेलेत, पण सतत वाजणाऱ्या आवाजावरचा त्यांचा संशय गेलेला नाही. आता खोलीत सतत काय वाजत असतं? पंखा आणि तंबोरा. जवारीची, म्हणजे घोडीवर घासणाऱ्या तारेची, वरची झंकार आणि हिस (मागची सतत सूं) एकाच पट्ट्यात राहतात. हिस काढायला गेलात की तंबोऱ्यातून जवारी जाते, उरतो नुसता टणत्कार. लांबवलेला षड्जही शेवटाकडे विरतो, गायकाचा दम संपल्यासारखा.

विजेची गुणगुण काढणाऱ्या डीहमचंही तेच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे गुणगुण ५०, १००, १५० वर. पांढरी दोनचा (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) मध्य षड्ज आहे साधारण १४७ वर. १५० ची खाच जरा रुंद ठेवली की थेट साला कात्री.

त्यापेक्षा माइकजवळ सरका. अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, पंखा आहे तिथेच राहतो. दोन फुटांवरून अर्ध्या फुटावर आलात की १२ डेसिबल मिळाले. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत नॉइज रिडक्शन उघडल्यावर आधीच भरलेला आकडाही १२ च असायचा. फुकट मिळतंय ते आधी घ्या.

कल्याण_फास्ट

साफ असहमत.

पंखा बंद करा म्हणे. वन आरके, मे महिना, खाली रिक्षा स्टँड. खिडकी लावून, पंखा बंद करून विलंबित एकताल गाऊन दाखवा, मग बोलू. स्टुडिओचे तासाचे पैसे ज्याला परवडतात तो हा धागा वाचतच नाहीये.

आणि तंबोऱ्याचा मुद्दा मुळातच गैरलागू आहे. घरी रेकॉर्ड करणारे किती जण खरा तंबोरा माइकसमोर ठेवतात? तंबोरा ॲपवरचा. तो सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या ट्रॅकवर असतो आणि गाताना हेडफोनमध्ये ऐकायचा. माइकमध्ये फक्त गळा. गळ्याच्या ट्रॅकवर डीनॉइज लावला तर तुमची जवारी कशी जाईल?

राहिला अर्धा फूट. ख्याल गाणारा माणूस मान हलवतो, हातवारे करतो. दोन फुटांवर चार इंच इकडेतिकडे झालं तर कळतही नाही. अर्ध्या फुटावर तेवढ्यानेच तान अर्धी मोठी, अर्धी गायब. शिवाय इतक्या जवळ माइकचा खर्ज फुगतो, तो वेगळा कापत बसा.

पांढरी_दोन

हेडफोनचं मान्य. पण हार्मोनियम? ती बहुतेक घरांत गळ्याबरोबर एकाच खोलीत, एकाच वेळी वाजते. पेटीवर धरलेला सूर मशीनच्या लेखी पंख्याइतकाच स्थिर. वर भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट. ती काढायला गेलं की पेटी सिंथेसायझरसारखी वाजते.

धा_तिट

तबलेवाल्यांची कैफियत कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. डीनॉइज परवडला, टकटक काढणारा डीक्लिक आवरा. किनारीवरचा 'ना' म्हणजे एक क्षणभराचा तीक्ष्ण आघात. मशीनला ती चूक वाटते आणि तो घासून गुळगुळीत केला जातो. एका मित्राच्या अभंगात तबल्याचे बोल ओले फडके आपटल्यासारखे येत होते. बघितलं तर गायिकेच्या तोंडाची चटचट काढायला लावलेला डीक्लिक गळ्याच्या ट्रॅकवर नव्हताच, मास्टरवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजावर होता!

दुरुस्तीचे प्लगइन ज्याच्या त्याच्या ट्रॅकवर, तेही खराब झालेल्या तेवढ्या तुकड्यावर. तो तुकडा रेंडर (बदलासकट पक्का) करून टाकायचा आणि प्लगइन काढायचा. चालू ठेवला तर प्रोसेसर खातो आणि हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो. मग ठेक्यावरून भांडणं.

फेडर_खाली

पांढरी_दोन आणि कल्याण_फास्ट दोघेही बरोबर, म्हणून दोघांनाही एक गोष्ट करायला सांगतो. काय काढलं जातंय ते ऐका. ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनमध्ये 'रेसिड्यू' असा पर्याय आहे. आयझोटोप आरएक्सच्या डीनॉइजमध्येही फक्त काढलेला आवाज ऐकवणारं बटण आहे. त्यात नुसती घरघर ऐकू आली तर ठीक. घरघरीच्या मागे शब्द ऐकू यायला लागले, 'स', 'श', 'ह' कुजबुजताना कळायला लागले, तर तुम्ही गाणं कापताय. आकडा खाली आणा. मी १२ वरून ६ वर येतो आणि बहुतेकदा तिथेच थांबतो. तबला-पेटी सुरू झाल्यावर उरलेली घरघर कोणाला ऐकू येते?

रीपर सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: त्यातल्या रियाफिर प्लगइनला वजाबाकीवर टाकून नॉइज प्रोफाइल (घरघरीचा नमुना) आपोआप बनवायची टिक लावता ना? फक्त घरघर असलेला तुकडा वाजवून झाला की ती टिक काढा. राहिली तर तो गाण्यालाही घरघर समजून शिकत जातो आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत गायक पाण्याखाली.

आणि डीनॉइज नेहमी कॉम्प्रेसरच्या (मोठा-लहान आवाज सारखा करणाऱ्या प्लगइनच्या) आधी. कॉम्प्रेसरनंतर घरघर वरखाली होत राहते, मग एक प्रोफाइल पुरत नाही.

एडिसनची_काकू

आमच्याकडे अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आणि बऱ्याच डीहमची तयार सेटिंग्ज ६० वरच असतात. भाचा पुण्यात तेच सेटिंग जसंच्या तसं लावून 'काकू, गुणगुण जात नाही' म्हणत होता. अरे, ५० कर! पण त्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघ म्हटलं. काढल्यावर गुणगुण गेली, डीहम लागलाच नाही.

पांढरी_दोन यांच्या मूळ मुद्द्याशी सहमत, कारण २०२० मध्ये गुरुजींच्या झूमवरच्या शिकवण्या आम्ही भोगल्यात. तंबोरा लावला की दोन-चार सेकंदांत झूम तो गिळायचं. सा लांबवला की सा पण गिळायचं. पुढे आवाज न गाळणारं 'ओरिजिनल साउंड'चं सेटिंग सापडलं तेव्हा कुठे तालीम मार्गी लागली. ज्यांना हा सगळा वाद तात्त्विक वाटतो त्यांनी ते सेटिंग एकदा बंद करून गावं.

जुनी_कॅसेट

तुम्ही सगळे आज गाणाऱ्या माणसाबद्दल बोलताय. तो पुन्हा गाऊ शकतो. माझ्याकडे आजीच्या ओव्यांची कॅसेट आहे, ती पुन्हा होणार नाही. हे तंत्र मोठं झालं तेही अशाच कामातून. केंब्रिजची सीडार कंपनी १९८८ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहाच्या कामातूनच निघाली. तेव्हा सरसकट 'वाईट सवय' म्हणू नका.

तरीही प्लगइन सगळ्यात शेवटी. आधी डेकचं हेड साफ करा. मग हेडचा छोटा स्क्रू किंचित फिरवून अझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन, जुळवा. 'च' आणि 'स' एकदम उघडतात तिथे थांबा. ते न करता कॅसेट उतरवली तर वरचे स्वर कॉम्प्युटरपर्यंत पोचलेलेच नसतात, आणि जे आलंच नाही ते कुठलाही प्लगइन आणून देत नाही. मूळ फाइल २४ बिटमध्ये जशीच्या तशी ठेवा, दुरुस्ती प्रतीवर करा.

आणि थोडी हिस राहू द्या. सगळी काढली की दोन ओळींमधली शांतता इतकी पोकळ होते की पुढची ओळ दचकवते.

कल्याण_फास्ट

काकू आणि जुनी_कॅसेट यांचं पटलं. मूळ धाग्याशी अजूनही असहमत. फेडर_खाली म्हणतात तसं ६ डेसिबलवर ठेवलं आणि रेसिड्यू ऐकून काम केलं, तर पंखा चालू ठेवून रेकॉर्ड करण्यात गैर काय, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

पांढरी_दोन

गैर काही नाही, पंख्याचा वेग बदलू नका म्हणजे झालं. गाण्याआधी दहा सेकंद गप्प बसून नुसता पंखा रेकॉर्ड करा, प्रोफाइल त्याचंच घ्या. मध्येच कोणी रेग्युलेटर फिरवला की ते प्रोफाइल गेलं.

धा_तिट

आणि पत्र्यावर पाऊस असेल तर?

फेडर_खाली

त्याला प्रोफाइल नाही. प्रत्येक थेंब वेगळा वाजतो. डायनॅमिक माइक तोंडाजवळ घ्या, खिडकीकडे त्याची पाठ करा, नाहीतर त्या दिवशी फक्त तंबोऱ्याचा ट्रॅक आणि ठेका लावून ठेवा.