ब्रेल डिस्प्ले ३० टक्के सांगतो आणि बंद पडतो

प्रश्न: नमस्कार मंडळी, माझा ब्रेल डिस्प्ले (स्क्रीनवरचा मजकूर वर उठणाऱ्या टिंबांनी बोटांना वाचू देणारं यंत्र) चार वर्षांचा झालाय, हल्ली बॅटरी विचारली की ३० टक्के सांगतो अन् पाचच मिनिटांत बोटांखालचे टिंब एकदम खाली बसतात, काल अभ्यास करताना अर्ध्या ओळीवर असंच झालं. आपल्याला त्या आकड्यावरच विसंबावं लागतं ना. बॅटरी गेली का?

उत्तर: लगेच बदलू नकोस रे. आतली चिप किती करंट आत गेला किती बाहेर आला याचा हिशोब ठेवते, आपण रोज थोडंथोडं चार्ज करत राहिलो की तो हिशोब चुकत जातो. एकदा १०० पर्यंत चार्ज कर, वर तासभर लावूनच ठेव, मग वापरत वापरत आपोआप बंद पडू दे आणि मधे न काढता परत फुल चार्ज कर. पण हे दोन-तीन महिन्यांतून एकदाच, लिथियम बॅटरीला सारखं तळापर्यंत उतरवणं मानवत नाही. फाईल आधी सेव्ह कर हां.

उत्तर: ताईंचं बरोबर, फक्त याने आकडा सुधारतो, बॅटरीची ताकद नाही. तरीही ३० लाच बंद पडला तर सेल म्हातारा झालाय, लोड आला की व्होल्टेज घसरतं. आणि झाकणावरून बोट फिरव, फुगीर लागलं तर चार्जिंगला लावूच नकोस, थेट दुरुस्तीला दे.

प्रश्नकर्ता: झाकण सपाट आहे. आज रात्रीच करून बघतो, थँक्यू ताई, दादा.