सत्तर मिनिटांचे जुने हॉलिवूडपट: तुमचे अनुभव लिहा

'कॅसाब्लांका', 'सायको' यांच्यावर बोलून झालंय. पण पूर्वी अमेरिकेत एका तिकिटात दोन सिनेमे दाखवत. त्यातला जोडीला लावलेला, कमी पैशांतला, तासा-सव्वा तासाचा सिनेमा असायचा ना, तसा एखादा तुम्हाला कुठे भेटला? सुरुवात मी करते.

'द नॅरो मार्जिन' (१९५२). शिकागोहून लॉस एंजेलिसला निघालेली गाडी, साक्षीदार बाईला सुखरूप पोचवायला निघालेला पोलीस आणि तिच्या जिवावर उठलेले लोक. पार्श्वसंगीत नाहीच, खडखडाट तेवढा. बाई नखं घासत असते आणि त्याच लयीत दृश्य चाकांवर जातं. महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरला जाताना मोबाइलवर पाहिला. टीसीने तिकीट मागितलं तेव्हा केवढी दचकले!

*

'द सेट-अप' (१९४९), दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. पस्तिशीचा थकलेला बॉक्सर. तो हरावा म्हणून मॅनेजरने परस्पर पैसे खाल्लेत, पण त्याला सांगितलेलंच नाही. हा तसाही हरणारच! सुरुवातीला रस्त्यावरच्या घड्याळात ९.०५, शेवटी १०.१६. मी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, हिशोब बसतो. वडील तरुणपणी कुस्त्या खेळायचे. ते लढतीपेक्षा प्रेक्षकांकडेच बघत होते. एक आंधळा शेजाऱ्याकडून लढत ऐकून चेकाळतो, तिथे म्हणाले, "ही माणसं मी फडावर पाहिलीत." एरवी इंग्रजी सिनेमा लागला की उठून जातात.

*

'डीटूर' (१९४५) एवढा का डोक्यावर घेतात, मला अर्धाच कळला. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर इतकं धुकं की सेटला पैसे नव्हते हे उघड दिसतं. पुढे गाड्या चक्क डावीकडून धावतात. मुलगा म्हणाला, "बाबा, हे इंडियात काढलंय का?" तर नाही! माणूस पश्चिमेला निघालाय, म्हणून पडद्यावर तो उजवीकडून डावीकडेच जायला हवा, यासाठी दृश्यच उलटं छापलंय. हसत होतो. मग अ‍ॅन सॅव्हेज गाडीत बसली आणि हसू थांबलं. इतकी कडवट बाई मी पडद्यावर दुसरी पाहिलेली नाही.

*

'द हिच-हायकर' (१९५३). दिग्दर्शक आयडा लुपिनो. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये ही खुर्ची बाईला मिळणं दुर्मीळच. खुन्याचा एक डोळा झोपेतही मिटत नाही, त्यामुळे ओलीस धरलेल्या दोघांना तो जागा आहे की झोपलाय ते समजत नाही. पुढचं सांगत नाही.

*

माझा सत्तर मिनिटांत बसत नाही, चालवून घ्या. लिओ मॅकॅरीचा 'मेक वे फॉर टुमॉरो' (१९३७). घर बँकेकडे जातं, पाच मुलं, पण म्हातारा-म्हातारीला एकत्र ठेवून घ्यायला कुणाकडेच जागा नाही. आई बाळासाठी सहा महिने आमच्याकडे न्यू जर्सीत होती, बाबा दादाकडे नाशिकला. दहाव्या मिनिटाला आई म्हणाली, "हा तर आपला 'ऊन पाऊस'!" राजा परांजप्यांचा तो सिनेमा १९५४चा.

यात सुनेकडे ब्रिजचा डाव रंगलाय. म्हातारी फोनवर नवऱ्याशी मोठमोठ्याने बोलते, आधी पाहुण्यांना अवघडतं, मग एकेक जण गप्प होतो. आईही फोनवर तशीच ओरडते. मी तिला किती वेळा म्हटलं होतं, "आई, हळू, बाळ उठेल."

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला, तेव्हा मी बाळाला उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन बसले.