दोन महायुद्धांमधले श्रीमंत: तुम्ही त्यांच्या कादंबऱ्या कशा वाचता?

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आत्याला वाचायची मनाई होती. म्हणून रोज दुपारी मी तिला १९२०च्या दशकातल्या इंग्लंडची एक इंग्रजी कादंबरी मराठीत सांगायचे. मेजवान्या, शिकारी, डोक्याला पांढऱ्या पिसांचे तुरे लावून राजाराणीपुढे जाणाऱ्या मुली. चार दिवस आत्या नुसती ऐकत होती. पाचव्या दिवशी म्हणाली, "अगं, एवढ्या खोल्यांतून शेकोट्या, मग कोळसा कोण वाहतं?"

मागची पानं उलटली. पहाटे राख उपसणारी मोलकरीण एका वाक्यात येऊन गेली होती आणि सांगताना नेमकं तेच वाक्य मी गाळलं होतं! १९३१च्या जनगणनेत तिकडे सुमारे १३ लाख बायका घरकामाला होत्या. आता मी ते वाक्य शोधत वाचते. तुम्ही काय शोधता? सविस्तर लिहा.

*

मी कपड्यांसाठी वाचते. शिवणकाम हा माझा धंदा. कंबर खाली उतरवलेले ते सैल झगे, पातळ रेशमावर मणीच मणी. असे जुने झगे टांगून ठेवले तर मण्यांच्या ओझ्यानं खांद्यात फाटतात. नाचाचा प्रसंग आला की माझा हात आधी त्या खांद्याच्या शिवणीवर जातो.

*

लंडनला लेकीकडे गेलो होतो. पिकॅडिलीच्या बाजूनं ग्रीन पार्कात शिरताना सोनेरी नक्षीचं मोठं लोखंडी फाटक दिसलं. मागं घर नाही, नुसती झाडं. हे फाटक रस्त्यापलीकडच्या डेव्हनशर हाउसचं. वारसाकर आणि जुनी कर्जं यांपायी ड्यूकनं तो महाल विकला आणि १९२४मध्ये तो पाडला गेला. तेव्हापासून कादंबरीत कुणी म्हातारे उमराव वारले, की मी पुढच्या पानावर वकील कधी येतो ते बघतो.

*

मी इंदूरची. आमच्याकडे हे सगळं घरचंच आहे. यशवंतराव होळकर १९२६मध्ये गादीवर आले. त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून आपला माणिकबाग महाल सजवून घेतला. पॅरिसमध्ये मॅन रे या छायाचित्रकारानं त्यांचे आणि महाराणी संयोगिताराजेंचे फोटो काढले. त्यातल्या काही फोटोंत दोघं इतकी मोकळी हसताहेत, की १९३७मध्ये संयोगिताराजे ऐन तारुण्यात गेल्या हे आठवून गलबलतं. माणिकबागेतलं फर्निचर १९८०मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं. या दोघांवर कुणी मराठीत कादंबरी लिहिली असेल तर कृपया नाव सांगा, मला आईला वाचून दाखवायची आहे.