बंदीपेक्षा शटरस्पीड लिहायला लावा

आपल्या फोटोग्राफी ग्रुपचे नियम ठरवताना, कॅनन भारी की सोनी या कॅमेऱ्यांच्या वादावर सरळ बंदी घाला, असं कुणीतरी सुचवलंय. बंदीने काही होत नाही हो, वाद मागच्या दाराने आत येतो. त्यापेक्षा फोटोखाली शटर (ते किती वेळ उघडं होतं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं होतं), आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) लिहिणं सक्तीचं करा. बोलायला विषय आपोआप मिळेल.

गोव्यातल्या माशेलचा चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सवच घ्या. देवकीकृष्णाच्या देवळासमोरचं मैदान, आषाढातलं भरलेलं आभाळ आणि चिखलात लोळणारी माणसं. १/१२५ सेकंद शटरला धावणारे पाय धूसर येतात. १/१००० ला उडालेला चिखल थेंबाथेंबाने हवेत थांबतो, पण मग आयएसओ वर न्यावा लागतो आणि सावल्यांत दाणे दिसायला लागतात. यातलं काय पत्करायचं, यावर तासभर बोला की! (कॅमेऱ्याला रेनकव्हर नसेल तर सगळ्या कंपन्या सारख्याच.)

नवख्याच्या फोटोवर नुसतं 'डिलीट कर' म्हणणाऱ्यांना मात्र समज द्यायलाच हवी. क्षितिज तिरकं आलंय, तर तेवढं सांगा. ग्रुपवर राजकारण नकोच, त्याला गोव्यात चहाची दुकानं पुष्कळ.

आणखी एक, चोडण बेटावरच्या खारफुटीतल्या पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा कुणी विचारली तरी सगळ्यांसमोर देऊ नका. चार लेन्सा घरट्याभोवती जमल्या की पक्षी पिल्लांकडे यायला बिचकतो.